फोंड्यातलं रमझानचं हॉटेल: खिमा-उंडो सोडू नका आणि भिंतीवरच्या पावत्या वाचा

रमझानात गोव्यातल्या फोंड्यात आलात तर मार्केटच्या मागच्या या छोट्या हॉटेलात जरूर जा. घाईत असाल तर मात्र नको, कारण मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजाच्या) वेळी पंधरा-वीस मिनिटं काउंटर बंद असतो, सगळे रोजा सोडायला बसतात आणि तुम्ही नुसतं पार्सल न्यायला आलेले असलात तरी खजूर आणि कलिंगडाची फोड हातात देऊन तुम्हालाही बसवतात. मटण समोसा पातळ पारीचा, आत पुदिना भरपूर, तेलकट अजिबात नाही. हलीम फक्त शनिवार-रविवार. बिर्याणी ठीकठाक. उंड्याबरोबर (गोव्याचा गोल पाव) खिमा घ्या, तो एक नंबर.

काउंटरवर एक डबा आहे, त्यावर गाझा आणि सुदान अशी दोन नावं लिहिलीयत. असे डबे बऱ्याच ठिकाणी दिसतात, पैसे पुढे कुठे जातात ते कळत नाही, इथे चाचा (मालक, सगळे त्यांना चाचाच म्हणतात) पैसे ऑनलाइन भरून पावतीची प्रिंट सरळ भिंतीवर चिकटवतात. गाझाचे उनरवाला (UNRWA), म्हणजे पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी युनोने 1949 मधे काढलेली संस्था, आपलं भारत सरकारपण तिला मदत देतं. सुदानचे वर्ल्ड फूड प्रोग्रॅमला.

सुदान का, म्हणून मी विचारलं, कारण तिथे तर दोन्ही बाजूंनी मुसलमानच लढतायत, 15 एप्रिल 2023 ला तिथलं सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली तेव्हा रमझान चालू होता. चाचा म्हणाले, अरे म्हणूनच तर. सगळे मोमिन (श्रद्धावंत) भाऊभाऊ ही कुराणातल्या सूरह हुजुरातची दहावी आयत सगळ्यांना पाठ असते, पण तिच्या आधीची नववी बघ, मोमिनांचे दोन गट आपसात लढले तर त्यांच्यात समेट करा असं त्यात आहे. मला हे फार पटलं. एकी म्हणजे बाहेरच्यांविरुद्ध एक होणं एवढंच आपण धरून चालतो, स्वतःच्या घरातलं भांडण मिटवणं त्याहून कितीतरी अवघड आहे. आणि खार्तूममधे तिथल्याच तरुण पोरांनी गल्लोगल्ली लोकांसाठी स्वयंपाकघरं चालवली, त्यांच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलतसुद्धा नाही.

खिमा पुढ्यात आल्यावर चाचांनी बद्रच्या लढाईची गोष्ट सांगितली, पैगंबरांच्या काळातली, मदिनेचे मुसलमान विरुद्ध मक्केवाले, इसवी सन 624 ची. मक्केचे कैदी मदिनेत आणले होते, तिथे खजूर मुबलक, रोटीचं मोल जास्त, तर पकडणाऱ्यांनी स्वतः खजूर खाल्ले आणि रोटी कैद्यांना दिली. ही आठवण एका कैद्यानेच नंतर सांगितलीय. कुराणात सूरह इन्सानमधे गरीब, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालणाऱ्यांबद्दल लिहिलंय की ते बदल्यात आभारसुद्धा मागत नाहीत. युद्धात शत्रूच्या ताटात आपल्यापेक्षा चांगलं वाढायचं, याहून मोठी करुणा मला तरी माहीत नाही.

चटईवर कोण बसतं तेही बघा. कलंगुटला शालीचं दुकान असलेला शिया काश्मिरी, बिहारचे गवंडी, हुबळीचे ड्रायव्हर, तबलीगवाले, दर्ग्यावर जाणारे, आणि आमच्यासारखे डिचोलीचे हिंदू, सगळ्यांना थाळी एकच.

2025 ला ईदच्या आदल्या दिवशी गाझातल्या रफाहमधून बातमी आली, 23 मार्चला मारले गेलेले मदतकर्मी वाळूत पुरलेले सापडले, एकूण 15 जण, त्यातले 8 रेड क्रेसेंटचे (तिकडची रेड क्रॉससारखी संस्था), जखमींना आणायला गेलेले. त्या ईदला चाचांनी लायटिंग केलं नाही, त्याचे पैसे डब्यात टाकले. शीरखुर्मा मात्र सगळ्यांना मिळाला.

पाचपैकी पाच स्टार. पार्किंग नाही, गाडी मार्केटबाहेर लावा आणि चालत या. जुम्म्याला दुपारी बंद असतं. डब्यात टाकायला सुटे घेऊन जा, पावती मागायची लाज बाळगू नका, चाचांना ते आवडतं.