मेणवलीच्या घाटावर प्री-वेडिंग शूट, एका लाजाळू माणसाचा रिव्ह्यू

मी म्हणजे ग्रुप फोटोत पण मागच्या रांगेत जाऊन लपणारा, त्यात प्री-वेडिंग शूट आणि ते पण वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, रविवारी. नाना फडणवीसांचा वाडा बघायला आलेल्या पब्लिकसमोर होणाऱ्या बायकोचा हात धरून कृष्णेच्या पायऱ्या उतरायच्या, विचारानेच घाम फुटला होता.

पण फोटोग्राफर दादा भारी निघाला. पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेतच, आम्हाला नुसतं फिरवलं, १७३९ ला वसई जिंकल्यावर आणलेली ती पोर्तुगीज घंटा दाखवली. मग लांबची लेन्स लावून वर जाऊन बसला आणि म्हणाला, "पोज नको, पायऱ्या मोजत खाली या, दोघांचा आकडा जुळला पाहिजे." जुळला नाहीच, तिथेच आमचं भांडण मग हसणं, आणि बेस्ट फोटो तोच आलाय. हातांचं काय करायचं कळेना तर अंगठा बाहेर ठेवून बोटं खिशात घाल म्हणाला, एवढ्याने पण खांदे सैल पडतात राव. एक काकू धुणं थांबवून बघत होत्या, पाच मिनिटांत कंटाळल्या आणि परत धोपटायला लागल्या, तेव्हा माझी निम्मी लाज गेली.

तक्रार एकच, अल्बम दोन आठवड्यांत म्हणाले आणि लागले सात, वर चेहरा इतका गोरा केलाय की आईने विचारलं हा कोण. पाचपैकी चार. जाणार असाल तर सकाळी सातला जा, दुपारी दगड तापतो आणि अनवाणी पोज देताना नाचायला होतं.