आठशे फिल पॉवरची गोधडी

परवा रात्री धाकट्या भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. नारिंगी स्लीपिंग बॅग, तिच्याखाली काळ्या ठिपक्यांची फरशी, कोपऱ्यात निळी प्लॅस्टिकची खुर्ची. खाली मजकूर: ‘प्युअर डाऊन, ८०० फिल पॉवर, वजन फक्त ७५० ग्रॅम, उणे १० डिग्री, ₹४,५००, लास्ट दोन पीस.’ दोन वर्षांपूर्वी हेच लास्ट दोन पीस आम्ही घेतले होते. फरशी तीच, खुर्चीही तीच. म्हणजे अजून संपलेले नाहीत. थंडी तोंडावर आलीय, लोक हिमालयाची तिकिटं काढतायत, म्हणून झालेली फजिती सगळी लिहून काढतेय.

आम्ही नाशिकचे. रतनगड, साल्हेर, कळसूबाई पायाखालचे, पण बर्फात रात्र काढायची पहिलीच वेळ. डिसेंबरात केदारकंठा करायचं ठरलं. उत्तराखंडातलं साधारण साडेबारा हजार फुटांचं शिखर, भर हिवाळ्यातही चढता येतं, म्हणून पहिल्या हिमालयासाठी बरेच जण तेच निवडतात. आम्ही दोघंच, ट्रेक कंपनी नाही, पायथ्याच्या सांकरी गावातला एक स्थानिक गाइड आणि आपलं ओझं आपल्या पाठीवर. घरातली सिंथेटिक बॅग पावणेदोन किलोची, अर्धी सॅक तीच खायची. माझं वय त्रेचाळीस, डावा गुडघा कुरकुरतो. एक किलो जरी कमी झालं तरी गुडघा दुवा देईल, असा हिशेब.

मग मी वाचायला लागले, आणि माझ्या फसण्याची पायाभरणी तिथेच झाली.

डाऊन म्हणजे पीस नव्हे. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीपोटाशी, बाहेरच्या पिसांच्या खाली जी मऊ लव असते, मधे काडी नसलेली, ते डाऊन. लहानपणी आपण रुईची ‘म्हातारी’ फुंकर मारून उडवायचो ना, साधारण तसा एकेक झुबका. त्यात हवा अडकते आणि ती अडकलेली हवाच ऊब धरते. फिल पॉवर म्हणजे एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन, मोकळं सोडल्यावर किती घन इंच जागा व्यापतं तो आकडा. साडेपाचशे म्हणजे साधं, आठशे म्हणजे उत्तम. हे सगळं मी चार रात्री जागून वाचलं, वहीत लिहिलं, भावाला शिकवलं. किमती पाहिल्या तर मनासारख्या बॅगा बारा-चौदा हजारांपासून पुढे. दोघांच्या पंचवीस हजार. तेवढ्यात आमचं रेल्वेचं तिकीट, गाइड, जेवण सगळं बसत होतं.

आणि नेमकी तेव्हाच एका ट्रेकिंग ग्रुपवर ती नारिंगी बॅग दिसली.

विक्रेता मराठी. फोनवर पहिल्याच वाक्याला ‘ताई’. मी विचारलं, डाऊन आणि फेदरचं, म्हणजे काडीवाल्या पिसांचं, प्रमाण काय? तो म्हणाला, ‘नव्वद-दहा, ताई. बरं झालं विचारलंत, लोकांना हे माहीतच नसतं.’ मी विचारलं, डाऊन किती भरलंय? ‘चारशे ग्रॅम.’ मी विचारलं, एवढी स्वस्त कशी? ‘एक्स्पोर्टचा माल. ऑर्डर कॅन्सल झाली, नुसतं लेबल लावायचं राहिलंय.’ मग त्याने एक व्हिडिओ पाठवला. गळ्याजवळची शिवण थोडी उसवून चिमटीने पांढरा झुबका बाहेर काढला, तळहातावर ठेवला, फुंकर मारली. तो तरंगत गेला. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला.

काहीच वाचलं नसतं तर साडेचार हजारांची बॅग मी अशा अनोळखी माणसाकडून घेतलीच नसती, दुकानात जाऊन काहीतरी जाडजूड उचललं असतं. मी जे वाचलं होतं तेच त्यानेही वाचलं होतं. माझ्या प्रत्येक प्रश्नाला परीक्षेतलं अचूक उत्तर येत होतं, आणि प्रश्न हुशारीचा विचारला म्हणून वर शाबासकीही मिळत होती. त्या शाबासकीनेच घात केला, हे आज कळतं.

‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल,’ तो म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. यूपीआयवर नऊ हजार पाठवले. पाठवताना स्क्रीनवर आलेलं नाव त्याने सांगितलेलं नव्हतं, भलतंच होतं. ते मी पाहिलं होतं, आणि भावाचं नाहीतर बायकोचं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

पार्सल आठवड्याने आलं. बॅग पिशवीतून काढली तर गोधडीसारखी चपटी. फोन केला. ‘ताई, कॉम्प्रेस होऊन आलीय. दोन दिवस पसरून ठेवा, हलक्या हाताने थोपटा, फुलेल.’ हे अगदी खरं असतं, खरं डाऊन दाबून आलं की फुलायला वेळ घेतंच. मी दोन दिवस थोपटलं. आई म्हणाली, ‘लेकराला झोपवतेयस का?’ थोडीशी फुगली, की मला तसं वाटलं. परत पिशवीत घालताना, सहज दबायला हवी ती गुडघा देऊन कोंबावी लागली, तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी रंगीत तालीम म्हणून रतनगडावर मुक्काम केला. आम्ही गुहेत झोपलो, अंगात फ्लीस, पायात लोकरीचे मोजे, शेजारी आणखी दहा-बारा माणसं. झोप मस्त लागली. सकाळी नेढ्यात, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकात, बसून भावाला म्हटलं, बघ, वसूल! सह्याद्रीतल्या गुहेत, थंडी दहा-बारा अंशांच्या आसपास असताना, आजीच्या गोधडीतही तशीच झोप लागली असती. या तालमीने बॅगेची परीक्षा झालीच नाही, सात दिवसांची परतीची मुदत मात्र कधीच टळून गेली होती.

डेहराडूनहून सांकरी म्हणजे दिवसभराचा घाट. दुसऱ्या दिवशी जुडा का तालाब. तळं गोठलेलं, वरून पोरं घसरगुंडी खेळत होती. त्या रात्री थंडी वाजली, पण पहिलाच दिवस, दमलोय, असं मनाला समजावलं. तिसऱ्या रात्री बेस कॅम्पवर गाइडच्या थर्मामीटरने उणे सात दाखवले. मी होते नव्हते ते सगळे कपडे घालून बॅगेत शिरले. तासाभरात पाठ गार पडली. जमिनीकडची बाजू तशीही दबते, तिथे मॅट कामाला येते, हे मला माहीत होतं. पण मग छातीवरूनही गारवा उतरायला लागला. हात वर नेऊन कप्पे चाचपले तर शिवणीपाशी नुसतं कापडाला कापड लागत होतं, आत काही नाहीच. मधल्या भागात गोळे झालेले. साडेअकराला भावाने हाक मारली, ‘ताई, जागी आहेस?’ दातावर दात आपटत होते, त्याला नीट बोलताही येईना.

आम्ही गाइडला उठवलं. त्याने टॉर्चच्या उजेडात माझी बॅग दोन बोटांत धरली आणि म्हणाला, ‘दीदी, ये तो चादर है.’ बाजूच्या तंबूत एका कंपनीचा ग्रुप होता. त्यांच्याकडच्या जादा बॅगांपैकी दोन त्याने मागून आणल्या. जाड, मळकट, कुबट वासाच्या, दोन-अडीच किलोच्या सिंथेटिक. त्यात आम्ही सकाळपर्यंत झोपलो. शिखराला पहाटे निघायचं होतं ते मी सोडून दिलं. भाऊ एकटा गेला, मी तंबूच्या दारात चहा घेऊन बसले. परत येताना कळलं, सांकरीतच अशा बॅगा भाड्याने मिळतात.

घरी आल्यावर पहिल्यांदा बॅग वजनकाट्यावर ठेवली. एक किलो २४० ग्रॅम. भावाची एक किलो १९०. दोन्ही म्हणे ७५० ग्रॅमच्या! जे काम पहिल्या दिवशी दोन मिनिटांत झालं असतं ते मी बर्फात कुडकुडून आल्यावर केलं. चार रात्री अभ्यास केला, आणि स्वयंपाकघरातला काटा ओट्यावरच पडून होता.

वहीत परत आकडेमोड केली. चारशे ग्रॅम डाऊन म्हणजे चौदा औंस. आठशे फिल पॉवरला औंसामागे सुमारे १३ लिटर. म्हणजे विक्रेत्याच्या थापेप्रमाणे आतल्या डाऊनने पाण्याचं दोनशे लिटरचं पिंप जवळजवळ भरायला हवं होतं. माझी बॅग बादलीभर होती.

मग ती घेऊन आमच्या गल्लीतल्या गादीवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी ब्लेडने एक कप्पा उसवला, आत बोटं घातली आणि पांढरी लांबट लडी ओढून काढली. काही न बोलता मागे जाऊन पोत्यातून मूठभर आणलं आणि शेजारी ठेवलं. दोन्ही एकच. ‘उशीचं फायबर आहे, ताई.’ एकूण सात कप्पे उघडले. सहांत फायबर, आणि फक्त गळ्याजवळच्या कप्प्यात, व्हिडिओत उसवलं होतं तिथेच, खरी पिसं. तीही बरीचशी काड्यांसकट, कातरलेली. चाचांनी काडी पेटवून दोन्ही जाळून दाखवलं. पिसाला केस जळल्याचा वास आला आणि त्याची राख झाली. फायबर आक्रसून काळा टणक मणी झाला. तो मणी मी अजून डबीत ठेवलाय, का ते विचारू नका.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, धुतली असेल. मग म्हणाला, ताई, उणे दहा म्हणजे एक्स्ट्रीम, कम्फर्ट नव्हे. इथेही गडी अभ्यासू! यात तथ्य आहे, आणि इतरांनी हे जाणून घ्यावं. बॅगेच्या तापमानाची युरोपात ठरलेली चाचणी आहे, आधी ईएन १३५३७ म्हणायचे, २०१६ पासून आयएसओ २३५३७. गरम केलेला पुतळा आत झोपवून मोजतात. त्यात तीन आकडे निघतात. कम्फर्ट हा साधारण बाईमाणसाला निवांत झोप लागेल तो. लिमिट हा पुरुषाला अंग आखडून रात्र काढता येईल तो. आणि एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास जीव वाचेल, झोपेचं नाव नाही. जाहिरातीत नुसतं ‘उणे दहा’ असेल तर ते कुठलं, हे विचारा. पण माझ्या बॅगेची कसलीच चाचणी झालेली नव्हती, तेव्हा त्याने हा मुद्दा काढणं म्हणजे शुद्ध चावटपणा. दुसऱ्या दिवशी त्याने मला ब्लॉक केलं आणि ग्रुपवरूनही तो नाहीसा झाला.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पहिला प्रश्न, बिल आहे का? पार्सलवरचा पत्ता कुरिअरच्या गोदामाचा निघाला. १९३० वरही कळवलं. ती हेल्पलाइन सायबर फसवणुकीची, पण तिथे पैसे गेल्या गेल्या फोन करावा लागतो, मी अडीच महिन्यांनी करत होते. पैसे मिळाले नाहीत. जीएसटी वाचवायच्या नादात कागदच हातात ठेवला नव्हता. बिल असतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणं सोपं झालं असतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फीसुद्धा लागत नाही. नोंदणीकृत साइटवरून घेतलं असतं तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच द्यावी लागली असती. आणि पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापावा लागतो. ‘लेबल लावायचं राहिलंय’ हे ऐकूनच मी फोन ठेवायला हवा होता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कुणाला आवडो न आवडो. नुसत्या सह्याद्रीसाठी डाऊनच्या मागे लागूच नका. आपल्याकडच्या थंडीला साधी सिंथेटिक पुरते, आणि डाऊन भिजलं की त्याची ऊब जाते, म्हणजे पावसाळ्यात ते निरुपयोगीच. वर्षातून एकदा हिमालयात जाणार असाल तर भाड्याने घ्या.

तरी मी गेल्या वर्षी एक घेतलीच. पुण्याची एक गिर्यारोहक मुलगी परदेशी निघाली होती, तिची जुनी बॅग सात हजारांना, मूळ बिलासकट. मी तिच्या घरी गेले ती पर्समध्ये हातकाटा आणि मुलाची शाळेची पट्टी घेऊनच. ती बॅग पिशवीत दाबून न ठेवता कपाटात सैल टांगलेली होती, तिथेच मला निम्मं बरं वाटलं. काट्याला अडकवली, ८६० ग्रॅम. मग तिने ती पिशवीत कोंबून दाखवली, परत काढून दिवाणावर पसरली, आणि आम्ही चहा घेतला. वीस मिनिटांनी पट्टी उभी लावली तर जाडी चौदा सेंटिमीटर. माझी नारिंगी दोन दिवस थोपटूनही सहाच्या वर गेली नव्हती. मुलगी हसायला लागली, ‘काकू, एवढं तर मी घेतानाही तपासलं नव्हतं.’ मी तिला पैसे यूपीआयवर पाठवले, आणि पाठवण्याआधी स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचलं. तिने हो म्हटल्यावरच पुढचं बटण दाबलं.

नारिंगी बॅगांचं चाचांनी काय करायचं म्हणून विचारलं होतं. फायबर चांगलं आहे म्हणाले. त्यातून तीन उशा आणि एक तक्क्या झाला. शिलाई वेगळी घेतली.