हळदीचा डीजे, रविवारचं वाचन आणि फिल्टरवाले इअरप्लग: काही महिन्यांच्या वापरानंतर

फिल्टरवाले इअरप्लग, म्हणजे गाणं फारसं न बिघडवता आवाज कमी करणारे कानात घालायचे प्लग, घ्यावेत का, असं मला साउंडवाल्यांनी विचारलंय, ढोलपथकातल्या मुलांनी विचारलंय आणि ऑफिसातल्या मैत्रिणींनीही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी ते गेल्या गणपतीच्या आधी घेतले. त्यानंतर नवरात्र गेलं, तुळशीच्या लग्नानंतरचा लग्नाचा अख्खा सीझन गेला. माझं उत्तर: घ्या. रात्री मोठ्या आवाजात काम असेल आणि दुसऱ्या दिवशी ज्याला कान लागतात असं काही करत असाल, तर नक्कीच घ्या.

आधी माझं वेळापत्रक सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सोमवार ते शुक्रवार ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. शनिवारी रात्री डीजे. कळवा, बाळकुम, कोलशेत, घोडबंदर रोडचे हॉल, कधी खाडीपलीकडे ऐरोली-घणसोलीची गावं. कंट्रोलर (गाणी मिसळायचं यंत्र) आणि लॅपटॉप माझा, टॉप-बेस (म्हणजे मोठे स्पीकर) आणि टेम्पो ठरलेल्या साउंडवाल्या दादांचा. रविवारी सकाळी नौपाड्यातल्या एका छोट्या संस्थेत अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. बी.ए. करणारे असतात, एमपीएससीची तयारी करणारे असतात. पुस्तक बाजारात छापील मिळतं, पण त्यांना वापरता येईल अशा रूपात मिळत नाही, म्हणून आम्ही वाचतो. (कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी ना-नफा तत्त्वावर अशा प्रती करता येतात. हे माहीत नसल्यामुळे बरेच जण कचरतात, म्हणून मुद्दाम सांगते. वाचायला माणसं नेहमीच कमी पडतात.)

हॉलमधून मध्यरात्रीनंतर बाहेर पडलं की कानाला दडे बसलेले असायचे. घरी येऊन दिवा मालवला की बारीक शीळ सुरू. रविवारी सकाळी चहा घेतानाही ती असायची. मोठ्या आवाजानंतर ऐकण्याचा उंबरठा तात्पुरता वर सरकतो, म्हणजे बारीक आवाज ऐकूच येत नाहीत, आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत कान पूर्ववत होतात. माझी पंचाईत अशी की माझं वाचन नेमकं त्या एक-दोन दिवसांतच येतं.

आणि वाचनाच्या कामात बारीक आवाज हाच सगळा मामला असतो. आमच्या फायली ऐकणारा एक विद्यार्थी सगळं दुप्पट वेगाने ऐकतो. अंध वाचकांमध्ये ही पद्धत बरीच रुळलेली आहे, कारण अभ्यासाचं पुस्तक साध्या वेगाने ऐकत बसलं तर परीक्षा येऊन ठेपते. तो एकदा म्हणाला, “ताई, परिच्छेद सुरू करण्याआधी तुम्ही श्वास घेता ना, तो दर वेळी टोचतो. आणि पान उलटलेलं फार जवळून ऐकू येतं.” मी ती फाइल ऑडॅसिटीत (आवाज संपादित करायच्या प्रोग्राममध्ये) उघडून, हेडफोन लावून रविवारी दुपारी ऐकली. मला काहीच खटकलं नाही. बुधवारी रात्री तीच फाइल पुन्हा लावली, तर श्वास, पानाची सळसळ, मागे फिरणारा पंखा, सगळं लख्ख ऐकू आलं. स आणि श यांच्यातली धारही बुधवारीच नीट कळली. आवाजाचा मार पहिल्यांदा बसतो तो ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि या अक्षरांचा जीव त्याच वरच्या भागात असतो. त्याच आठवड्यात मी प्लग मागवले.

कंपनीचं नाव देत नाही. या प्रकारचे प्लग बऱ्याच कंपन्या विकतात आणि मला बोलायचं आहे ते प्रकाराबद्दल. औषधाच्या दुकानात मिळणारा फोमचा प्लग आवाज भरपूर अडवतो, पण वरचे सूर जास्त आणि खालचे त्या मानाने कमी, त्यामुळे गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. झोपायला ठीक, मशीनवर काम करायला उत्तम, मिक्सिंगला नाही. फिल्टरवाल्यात मऊ सिलिकॉनच्या टोपीच्या आत एक छोटी नळी असते आणि तिच्यात फिल्टर. तो सगळे सूर साधारण सारख्याच प्रमाणात खाली आणतो. गाणं तेच राहतं, फक्त हळू होतं. अगदी तंतोतंत नाही, हायहॅट (ड्रमच्या झांजा) आणि टाळ्या थोड्या मागे जातात, पण काम अडत नाही.

आता थोडा हिशेब. अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्याची संस्था ८५ डेसिबलला ८ तास अशी मर्यादा सुचवते आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. बँक्वेट हॉलमध्ये कन्सोलमागे उभं राहून फोनवर मोजलं तर मला १०० च्या आसपास आकडा दिसतो. फोनचं मोजमाप अंदाजाचंच असतं, त्यातल्या त्यात नायॉशचं स्वतःचं मोफत ॲप आयफोनवर आहे ते बरं. कानापर्यंत पोचणारा आवाज १५ डेसिबलने उतरला तर १०० चे ८५ होतात आणि १५ मिनिटांचे ८ तास. लग्नातला संगीताचा कार्यक्रम कितीही लांबला तरी तेवढ्यात बसतो. मात्र खोक्यावर छापलेला आकडा प्रयोगशाळेत, नीट बसवलेल्या प्लगवर काढलेला असतो. कानात सैल बसला तर तो आकडा विसरा.

म्हणून बसवणं शिकून घ्या. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून न्यायचा, उजवा कान वरून धरून वर आणि मागे ओढायचा. त्याने कानातली वळणाची नळी थोडी सरळ होते. मग प्लग हलकेच फिरवत आत सरकवायचा. बसला की समोरचा गोंगाट एकदम एक पायरी खाली उतरतो, ते लगेच कळतं. मग तोंड मिटून गुणगुणायचं. आवाज डोक्यात दोन्हीकडे सारखा घुमला तर ठीक, एकाच बाजूला घुमला तर दुसरा सैल आहे. खोक्यात तीन मापांच्या टोप्या आल्या होत्या. माझ्या डाव्या कानाला मधली लागते आणि उजव्याला लहान. दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही, त्यामुळे दोन वेगळी मापं घालून बघायला संकोच करू नका.

डीजेंचा पहिला प्रश्न असतो क्यूइंगचा, म्हणजे पुढचं गाणं आधी हेडफोनवर ऐकून जुळवण्याचा. मी हेडफोन प्लगवरूनच लावते. हॉलचा आवाज आणि हेडफोनचा आवाज दोन्ही सारखेच खाली येतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक आधी होता तेवढाच राहतो आणि हेडफोन वाढवायची गरज पडत नाही. किक (मोठ्या ड्रमचा ठोका) तर पोटात जाणवतेच, बीट जुळवायला अडचण नाही. खरी काळजी घ्यायची ती वेगळीच: प्लग कानात असताना मास्टर (हॉलचा एकूण आवाज) वाढवायला हात शिवशिवतो. तेव्हा साउंड चेक उघड्या कानाने करा, लेव्हल ठरवा, मग प्लग घाला आणि त्यानंतर मीटरवर विश्वास ठेवा. लाल दिवा लागत असेल तर आवाज पुरेसा आहे, कानाला काहीही वाटो. मधूनच मी फ्लोअरच्या मध्यात जाऊन एक प्लग काढून ऐकते आणि परत येते.

न मागता मिळालेला फायदा म्हणजे बोलणं. नवरीचा मामा कानाशी येऊन फर्माइश ओरडतो, ते पूर्वीपेक्षा चांगलं कळतं, कारण कान आवाजाने भरून गेलेला नसतो. उलट आपलं स्वतःचं बोलणं मात्र घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं घुमतं. प्लग जितका आत बसेल तितकं हे कमी होतं, पण पूर्ण जात नाही. उखाण्यांच्या वेळी माइकवर बरंच बोलायचं असलं तर मी संगीत खाली आणून एक बाजू काढून ठेवते.

रात्री उशिराची कामं बंद हॉलमध्येच का असतात, हेही इथे सांगायला हवं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंद जागेत, आतल्या आत, चालतं. त्यामुळे मैदानातली हळद दहाला थांबते, थांबायलाच हवी, आणि उरलेली रात्र हॉलमध्ये जाते. हॉल म्हणजे चारी बाजूंनी काच, टाइल आणि पीओपी. आवाज आदळून पुन्हा आपल्याच अंगावर येतो. मैदानात त्याच सेटअपचा जितका त्रास होत नाही तितका हॉलमध्ये होतो. मैदानातलं काम असेल तर मी कधी प्लगशिवायही वेळ काढेन, हॉलमध्ये पाच मिनिटंही नाही.

ढोल-ताशाचं वेगळं. विसर्जनाला तलावपाळीच्या बाजूला गर्दी आवरायला आणि निर्माल्य गोळा करायला आमचा स्वयंसेवकांचा गट उभा असतो, आणि पथकं हाताच्या अंतरावरून जातात. ताशाचा ठोका अचानक आणि धारदार असतो. तिथे गाणं जुळवायचं नसतं, त्यामुळे मी फोमच घालते. ताशा वाजवणाऱ्यांनीही माझ्या मते तेच करावं. फिल्टरवाले अशा वेळी कमी पडतात.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. घामाने टोप्या निसरड्या होतात आणि तासाभराने बाहेर सरकायला लागतात, एप्रिल-मेमध्ये तर फारच. सुरुवातीला आत खाज यायची, ती नंतर गेली. प्लगच्या नळीत मळ अडकला की एक कान बुजल्यासारखा वाटतो. कानाचा दोष की प्लगचा, ते बघायला डावा-उजवा फिल्टर बदलून बघा. बुजलेपणा दुसऱ्या बाजूला गेला तर फिल्टर साफ करायची वेळ झाली. टोप्या फिल्टर काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवायच्या आणि पूर्ण वाळवूनच परत लावायच्या. डबी इतकी लहान आहे की पर्समध्ये सापडत नाही, मी ती हेडफोनच्या पिशवीच्या चेनला अडकवली आहे. आणि घरी परतताना दुचाकीवर बसण्याआधी प्लग काढा. घोडबंदर रोडवर मागून येणाऱ्या डंपरचा हॉर्न ऐकू यायलाच हवा. कान दुखत असेल, वाहत असेल तर काहीच घालू नका, आधी डॉक्टर.

मग फरक काय पडला? रविवारची शीळ जवळजवळ बंद झाली. फार मोठ्या कामानंतर कधी थोडी जाणवते, पण वाचायला बसेपर्यंत उतरते. आता मी रेकॉर्डिंग झाल्या झाल्या तिथेच बसून फाइल साफ करते, बुधवारपर्यंत थांबत नाही, त्यामुळे मुलांना प्रकरणं परीक्षेच्या बरीच आधी मिळतात. दुप्पट वेगाने ऐकणाऱ्या त्या मुलाने हल्ली श्वासाबद्दल तक्रार केलेली नाही, उच्चारांबद्दल करतो, आणि त्या तक्रारी रास्त असतात. पैशाचं म्हणाल तर माझी जोडी दोन हजारांच्या आत आली. लग्नाच्या एका कामाच्या मानधनापुढे हे काहीच नाही.

पुढे कानाचं माप घेऊन बनवलेले प्लग करायचा विचार आहे. ऑडिओलॉजिस्ट कानात मऊ मसाला भरून साचा घेतात आणि त्यात ९, १५ किंवा २५ डेसिबलचा फिल्टर बसवता येतो. महाग पडतात, पण घामाने सरकण्याचा प्रश्न सुटेल असं वाटतं. त्याआधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घेतली. तो कागद जपून ठेवलाय, पुढच्या वर्षीचा त्याच्याशी ताडून बघता येईल. डीजे असाल तर प्लग घ्या न घ्या, ही चाचणी तरी करा. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, आणि नुकसान जाणवायला लागेपर्यंत बरंच झालेलं असतं.

सगळ्यात जास्त वाईट मला हेल्पर पोरांचं वाटतं. मी कन्सोलमागे असते, ती अठरा-एकोणीस वर्षांची मुलं अख्खी रात्र टॉपच्या बाजूला उभी असतात, कोणी केबल सांभाळत, कोणी लहान मुलांना बेसपासून दूर ठेवत. थकली की बेसच्या मागेच आडवी होतात. कानात कापसाचा बोळा असला तर असला, आणि कापसाने आवाज फारसा अडतच नाही. रोजंदारीवर येणाऱ्या मुलाने स्वतःच्या पैशाने प्लग घ्यावेत ही अपेक्षा चुकीची आहे. ते मालकाने द्यायला हवेत, हेल्मेट आणि हातमोजे देतात तसे. आमच्या दादांना हे पटलं. आता फोमच्या जोड्यांचा एक डबा माझ्या कंट्रोलरच्या केसमध्ये असतो आणि एक त्यांच्या टेम्पोत. स्वच्छ बोटांनी सुरळी करायची, आत घालायची, फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट ठेवायचं, एवढं मुलांना दाखवून दिलं की झालं. ज्या साउंडवाल्यांनी मला फिल्टरवाल्यांबद्दल विचारलंय, त्यांनी स्वतःसाठी फिल्टरवाले घ्यावेत आणि त्याच दिवशी पोरांसाठी फोमचा डबा. तो टेम्पोत वरच ठेवा, कोणाला मागावा लागू नये.