टेपआउट की टर्म वर्क?

माझा एक जुना विद्यार्थी परवा दोन ऑफर लेटरं घेऊन घरी आला. व्हीएलएसआयमध्ये, म्हणजे चिप डिझाइनमध्ये, एम.टेक. झालेला. एक पत्र बेंगळुरूच्या चिप कंपनीचं, व्हेरिफिकेशन इंजिनिअरचं, म्हणजे चिप बनण्याआधी तिचं डिझाइन तपासणाऱ्याचं. दुसरं सांगलीजवळच्या विनाअनुदानित कॉलेजचं, सहायक प्राध्यापकाचं. मी नऊ वर्षं कंपनीत काढली आणि आता अकरा वर्षं शिकवतोय, त्यामुळे "सर, तुम्हीच सांगा" असं त्याचं म्हणणं.

पैशाचं आधी बोलून टाकू, ते सोपं आहे. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, सातव्या वेतन आयोगावर बेतलेल्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. सरकारी, अनुदानित संस्थेत हे मिळतं. विनाअनुदानितमध्ये बऱ्याचदा ‘कन्सॉलिडेटेड’ नावाची एकरकमी रक्कम हातावर टेकवतात, आणि शिष्यवृत्तीचे पैसे सरकारकडे अडकले की तीही दोन-तीन महिने लांबते. आयआयटीत नियमित सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन १,०१,५०० रुपये आहे, पण तिथे पीएच.डी. आणि त्यानंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागतात. चांगल्या चिप कंपनीशी पगाराची तुलना करूच नये. सुरुवातीला फरक दिसतो, दहा वर्षांनी तो खुपतो.

वेळेचा हिशोब मात्र लोक समजतात तसा नाही. कंपनीतली ओढाताण टेपआउटच्या आधी असते, म्हणजे डिझाइन फॅबकडे, चिप बनवणाऱ्या कारखान्याकडे, धाडायच्या आधी. रात्री दोन वाजता डीआरसीच्या, म्हणजे आराखड्याच्या नियमतपासणीच्या, यादीत सात चुका उरलेल्या असतात, सातवी काढली की दोन नव्या उगवतात. मास्कचा, म्हणजे चिप छापायच्या साच्यांचा, खर्च कोटींत, त्यामुळे ‘बघू नंतर’ हा शब्दच नाही. मग काही महिने वाट पाहायची, चिप हातात येते, बोर्डावर बसते आणि पहिल्यांदा बूट होते. त्या दुपारची नशा माझी अजून उतरलेली नाही.

कॉलेजात आठवड्याला १६ तास शिकवायचे, हे नियमात. प्रत्यक्षात एनबीए आणि नॅक या मूल्यांकन संस्थांच्या फायली, सीओ-पीओ मॅपिंग (विषयाची उद्दिष्टं पदवीच्या उद्दिष्टांशी जुळवण्याचे तक्ते), टर्म वर्कचे म्हणजे सत्रभराच्या जर्नल-प्रयोगांचे गुण, दुसऱ्या कॉलेजात एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचा परीक्षक म्हणून जाणं, आणि जूनमध्ये बारावीच्या मुलांच्या पालकांना ‘आमच्याकडे जागा आहे’ असे फोन. हे शेवटचं मला अजून जमत नाही.

तरी मी परत का गेलो नाही? गेल्या ओरलला एक मुलगी सुबक जर्नल घेऊन बसली होती. ७४१ ऑप-अँपच्या, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीच्या, आउटपुटची डोकी सपाट कापलेली, वेव्हफॉर्म पेन्सिलीने अगदी नीट काढलेला. असं का झालं विचारलं तर गप्प. मी सप्लाय ५ व्होल्टवरून १२ वर नेला आणि सीआरओकडे, वेव्हफॉर्म दाखवणाऱ्या पडद्याकडे, बघ म्हटलं. डोकी गोल झाली. "म्हणजे त्याला वर जायला जागाच नव्हती!" असं ती एक्स्टर्नलसमोर जवळजवळ ओरडली. कंपनीत माझ्यावाचून काही अडलं नसतं. इथे त्या दिवशी अडलं असतं.

ज्ञान शिळं होण्याचा वेग हा खरा फरक. उद्योगात ५ नॅनोमीटरच्या चिप बनून जुन्या झाल्या. आपल्या विद्यार्थ्यांच्या चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत बनतात त्या १८० नॅनोमीटरच्या, कितीतरी जुन्या तंत्रावर. शिकायला तेही उत्तम आहे. केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेत बेंगळुरूच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेतल्या चिपइन केंद्रातून सहभागी कॉलेजांना महागडी डिझाइन टूल्स वापरता येतात, हीही सोय झाली. पण डेडलाइनचा दबाव आणि शेजारच्या टेबलावरचा वीस वर्षं मुरलेला माणूस योजनेतून मिळत नाही.

म्हणून क्रमाला महत्त्व आहे. कंपनीतून कॉलेजात येता येतं. पीएच.डी. नसेल तर सहयोगी प्राध्यापक होता येत नाही, एवढी एकच भिंत. २०२२पासून उद्योगातल्या अनुभवी माणसांसाठी ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’चं दार उघडलंय, त्याला १५ वर्षांचा अनुभव पुरतो, पदवीची अट नाही, पण मुदत जास्तीत जास्त चार वर्षं. उलट प्रवास अवघड. आठ वर्षं शिकवून मुलाखतीला गेलात तर पहिला प्रश्न येतो, "शेवटचा टेपआउट कोणता?"

दोन्ही एकदम जमतं म्हणून इथे मुलं थॉमस कैलथांचं नाव काढतात. पुण्यात जन्मलेले, १९५६चे सीओईपीचे (पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे) पदवीधर, स्टॅनफर्डला प्राध्यापक राहून त्यांनी इंटिग्रेटेड सिस्टिम्ससारख्या कंपन्या उभ्या केल्या. खरंय. पण तिथलं विद्यापीठ प्राध्यापकाला आठवड्याला साधारण एक दिवस बाहेरच्या कामाची मुभा देतं. आपल्याकडे रजेच्या अर्जावर तीन सह्या लागतात. मला आरोग्यस्वामी पॉलराज जास्त पटतात. लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी कॉलेजातून शिकलेले, आधी नौदलासाठी ‘अपसोह’ सोनार बनवलं, मग स्टॅनफर्डला जाऊन मायमोवर, म्हणजे एकाच वेळी अनेक अँटेना वापरणाऱ्या वायरलेस तंत्रावर, काम केलं, १९९८मध्ये आयओस्पॅन ही कंपनी काढली आणि पुढे बीसीम. आधी चालणारी वस्तू, मग वर्ग.

माझ्या विद्यार्थ्याला मी बेंगळुरू सांगितलं. पाच-सहा वर्षं तिथे काढ, तिसऱ्या वर्षी अर्धवेळ पीएच.डी.ला नाव घाल. मात्र शिकवण्याची खरोखर ओढ असेल आणि आई-वडिलांजवळ राहणं भागच असेल, तर सांगलीही वाईट नाही. फक्त सही करण्याआधी तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला चहाला ने आणि गेल्या सहा महिन्यांचे पगार कोणत्या तारखांना झाले ते विचार. पदाला विद्यापीठाची मान्यता आहे का ते बघ. मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेत असतील तर तिथूनच परत फिर. कंपनीलाही एक प्रश्न विचार: टेस्टबेंच (डिझाइनची परीक्षा घेणारा कोड) तू लिहिणार, की दुसऱ्याने लिहिलेली रिग्रेशन, म्हणजे त्याच त्या चाचण्या, रोज सकाळी चालवून एक्सेल भरणार?