ब्रिटनच्या कडाक्याच्या थंडीत पाखरांना काय घालावं: सूर्यफूल, शेंगदाणे, चरबी की कारळे?

गार्डन सेंटरमध्ये पक्षीखाद्याच्या मांडणीसमोर पहिल्यांदा उभं राहिलं की गोंधळायला होतं. मिश्र बिया, शेंगदाणे, चरबीचे गोळे, वाळवलेल्या अळ्या, आणि प्रत्येकासाठी वेगळा फीडर. म्हणून निकाल आधीच सांगते. एकच पिशवी घेणार असाल तर सोललेल्या सूर्यफूल बिया घ्या. पाणी गोठण्याइतकी थंडी पडली की जोडीला चरबीयुक्त काहीतरी द्या. बाकी सगळं हौस आणि बजेट बघून.

यामागचं कारण थंडीपेक्षा रात्रीच्या लांबीत आहे. डिसेंबरच्या शेवटी लंडनमध्ये दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो, एडिंबरात तर जेमतेम सात तासांचा. ब्लू टिट या निळ्या-पिवळ्या चिमुकल्या पक्ष्याचं वजन साधारण ११ ग्रॅम. कडक थंडीच्या एका रात्रीत असा छोटा पक्षी वजनाचा दहावा हिस्सा गमावू शकतो, आणि तो उरलेल्या तुटपुंज्या उजेडात भरून काढावा लागतो. त्यामुळे खाद्य निवडताना दोनच प्रश्न विचारायचे: यात तेल किंवा चरबी किती, आणि ते खायला किती वेळ लागतो?

सोललेलं सूर्यफूल या दोन्हींत पुढे आहे. निम्म्याच्या आसपास तेल, आणि साल काढण्यात पक्ष्याचा वेळ जात नाही. ब्लू टिट एक दाणा उचलतो, जवळच्या फांदीवर जातो, दाणा पायाखाली दाबून चोचीने ठोकून खातो आणि पुन्हा येतो. गोल्डफिंच हे छोटे, बिया खाणारे पक्षी मात्र फीडरवरच ठाण मांडून चघळत बसतात. सालासकट काळं सूर्यफूल स्वस्त पडतं, पण खाली सालांचा थर साचतो. भाड्याच्या घरात, विशेषतः फरसबंदीच्या अंगणात, तो रोज झाडावा लागतो. मी तरी सोललेल्या बियांचे जास्तीचे पैसे देते.

शेंगदाण्यातही जवळपास निम्मं तेल असतं आणि टिट मंडळींना ते फार आवडतात. पण अटी आहेत. खारे किंवा भाजलेले चालत नाहीत. दमट, कुबट वासाचे तर अजिबात नकोत, कारण त्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष पक्ष्यांच्या जिवावर उठतं. दाणे बारीक जाळीच्या फीडरमध्येच घालावेत, म्हणजे पक्षी तुकडे तोडून खातो. पाऊस-धुक्याच्या आठवड्यात ते लवकर खराब होतात, तेव्हा जाळी अर्धीच भरावी.

चरबीचे गोळे ऐन बर्फात सर्वांत उपयोगी, कारण वजनाच्या मानाने सगळ्यांत जास्त ऊर्जा त्यांतून मिळते. मात्र इथे आपल्यापैकी अनेकांपुढे वेगळाच प्रश्न असतो: हे गोळे बहुतेकदा गाईच्या चरबीचे असतात. ज्यांना ते घरात नको, त्यांनी मनावर ओझं घेऊ नये. पक्ष्यांसाठी बनवलेलं, मीठ नसलेलं पीनट बटर मिळतं, ते लाकडाच्या खाचेत भरून टांगता येतं. स्वयंपाकाचं तेल किंवा मऊ मार्गारीन हा पर्याय नव्हे, ते पिसांना चिकटतं आणि मग पिसं ऊब धरत नाहीत. भाजलेल्या मांसाच्या ट्रेमधली चरबीही याच कारणासाठी नको, शिवाय तिच्यात मीठ असतं. गोळे घेतलेच तर नायलॉनची जाळी कापून काढा, तिच्यात पाय अडकतात.

कारळ्यांचं मात्र मनापासून कौतुक वाटतं. नाशिककडच्या डोंगराळ शेतातलं, आपण चटणी करतो तेच बी इथे ‘नायजर’ म्हणून मिळतं. भारतातून ते परदेशात मुख्यतः पाखरांसाठीच जातं. गोल्डफिंचची बारीक चोच त्यासाठी अगदी नेमकी. पण बी इतकं बारीक असतं की त्याला अरुंद फटींचा खास फीडर लागतो, आणि बाजूला सूर्यफूल असेल तर गोल्डफिंच बरेचदा तिकडेच जातात. पहिल्या हिवाळ्यात हा खर्च टाळलात तरी चालेल.

टांगलेल्या फीडरवर जे सहसा येत नाहीत त्यांचं काय? रॉबिन, ब्लॅकबर्ड, डनॉक, रेन. जमीन दगडासारखी गोठली की गांडुळं-किडे मिळेनासे होतात आणि खरी उपासमार यांची होते. १९६२-६३च्या हिवाळ्यात रेनची संख्या प्रचंड घटली होती. थंडीत हे इवले पक्षी एकमेकांना चिकटून रात्र काढतात; १९६९ मध्ये नॉरफोकमध्ये एकाच घरट्याच्या पेटीत ६१ रेन मोजले गेले. त्यांच्यासाठी झुडपाच्या कडेला थोडं किसलेलं सौम्य चीज किंवा वाळवलेल्या अळ्या टाकाव्यात. ब्लॅकबर्डला डागाळलेलं सफरचंद अर्धं कापून ठेवलं तरी पुरे. बर्फ पडला की स्कँडिनेव्हियातून आलेले फील्डफेअरही त्यावर उतरतात. मीठ न घातलेला शिजलेला भात चालतो. शेव, चिवडा, फरसाण नाही. भिजवलेले बेदाणे ब्लॅकबर्डला आवडतात, पण घरात किंवा शेजारी कुत्रा असेल तर नकोतच, कुत्र्यांना ते विषारी असतात.

टेबल, टांगता फीडर की जमीन, या निवडीत माझं मत ठाम आहे: सपाट लाकडी टेबल घेऊ नका. २००५-०६ पासून ट्रायकोमोनोसिस या रोगाने ग्रीनफिंच हे हिरवट पक्षी इतके घटले की २०२१ मध्ये ते ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेले. आजारी पक्ष्याची लाळ आणि अर्धवट गिळलेले दाणे सपाट जागी पडून राहतात आणि दुसरे तेच टिपतात. याच काळजीपोटी आरएसपीबी या ब्रिटनमधल्या पक्षीसंरक्षण संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या दुकानातून सपाट फीडरांची विक्री थांबवली. टांगता फीडर घ्या, आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवा, जागा अधूनमधून बदला. जमिनीवर टाकलेलं संध्याकाळपर्यंत संपेल इतकंच टाका, नाहीतर उंदीर येतात. पिसं फुगवून सुस्त बसलेला, चोचीभोवती ओलं खाद्य चिकटलेला पक्षी दिसला तर किमान दोन आठवडे खाऊ घालणं बंद करा. जीव तुटतो, पण तेव्हा गर्दी पांगवणं हाच उपाय असतो.

पाण्याला पर्याय नाही. उथळ थाळी, सकाळी कोमट पाण्याने बर्फ सोडवायचा. मीठ किंवा अँटीफ्रीझ कधीही नाही.

निरीक्षणासाठीही दोन वाटा आहेत. आरएसपीबीची ‘बिग गार्डन बर्डवॉच’ १९७९ पासून जानेवारीच्या शेवटच्या आठवडाअखेरीस होते. एक तास बसायचं आणि प्रत्येक जातीचे एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त पक्षी नोंदवायचे. मुलांना घेऊन बसायला हे उत्तम. आणि यादीत वर्षानुवर्षं पहिली येते ती आपल्या अंगणातलीच चिमणी, अगदी तीच जात. बीटीओ (ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी) या पक्षी-अभ्यास संस्थेची ‘गार्डन बर्डवॉच’ १९९५ पासून वर्षभर, आठवड्याला नोंद मागते. ज्यांना फीडर वर्षानुवर्षं ठेवायचा आहे त्यांनी ही निवडावी, कारण कुठला पक्षी कधी यायचा थांबला हे एका तासाच्या मोजणीत कळत नाही.

सुरुवात करताना एक फीडर, सूर्यफुलाची छोटी पिशवी आणि पाण्याची थाळी एवढंच घ्या. फीडर झुडपापासून दोनेक मीटर दूर लावा, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही. पहाटे आणि अंधार पडायच्या तासभर आधी खाद्य असायला हवं. पहिले काही दिवस कोणीच फिरकलं नाही तर जागा लगेच हलवू नका. पक्ष्यांना नवी वस्तू ओळखीची व्हायला वेळ लागतो.