‘चक्षु’ आणि कर्जवसुलीचे खोटे फोन: तीन तक्रारींनंतरचे परीक्षण

दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर ४ मार्च २०२४ पासून ‘चक्षु’ नावाची सुविधा सुरू आहे. फसवणुकीचा संशय यावा असा फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आला, तर तो नागरिकांनी तेथे कळवावा, एवढेच तिचे काम आहे. माझ्या आईला गेल्या काही महिन्यांत थकीत कर्जाच्या नावाखाली तीन फोन आले आणि तिन्ही वेळा आम्ही तेथे तक्रार नोंदवली. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

पहिला फोन करणाऱ्याने आपण एका वित्तसंस्थेच्या ‘कायदा विभागा’तून बोलत असल्याचे सांगितले. आईच्या नावावर १८,४०० रुपये थकले आहेत, लोकअदालतीची नोटीस निघाली आहे, संध्याकाळपर्यंत पोलीस घरी येतील, मात्र अर्ध्या तासात ६,५०० रुपये यूपीआयने भरल्यास ‘सेटलमेंट’ होऊन फाइल बंद होईल, असे त्याचे म्हणणे होते. त्याला आईचे पूर्ण नाव आणि पॅन क्रमांकाचे शेवटचे चार वर्ण ठाऊक होते. आईने आयुष्यात एकच कर्ज घेतले, ते घरासाठी, आणि ते फेडून बारा वर्षे झाली. बँकेचे ना देय प्रमाणपत्र आजही कपाटात आहे. तरीही मी खोलीत गेलो तेव्हा तिच्या हातातील फोनवर यूपीआयचा पडदा उघडलेला होता. आपल्यावर कर्जच नाही हे माहीत असूनही माणूस पैसे भरायला का तयार होतो, हे मला त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर दिसले. तिला कर्जाची नव्हे, दारात पोलीस उभे राहण्याची भीती वाटत होती.

ही भीती निराधार आहे, हे तिला समजावून सांगायला वेळ लागला. कर्जाचा हप्ता थकणे ही दिवाणी बाब आहे आणि केवळ त्यासाठी पोलीस कोणाला अटक करत नाहीत. धनादेश न वटल्याचा खटला वेगळा, पण त्याचीही सुरुवात लेखी नोटिशीनेच होते. लोकअदालतीत तर दोन्ही पक्षांच्या संमतीने तडजोड होते. तेथून अटकेचे वॉरंट निघत नाही. लोकअदालतीचे नाव धाक घालण्यासाठी वापरले जाते, कारण ते ऐकायला सरकारी वाटते आणि तिचे कामकाज फार थोड्यांना माहीत असते.

आता सुविधेविषयी. ‘चक्षु’चा अर्ज साधा आहे. संपर्काचे माध्यम, संशयाचा प्रकार, समोरच्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ, घडलेल्या प्रसंगाचे थोडक्यात वर्णन आणि स्क्रीनशॉट एवढे भरले, की आपले नाव व मोबाइल क्रमांक देऊन ओटीपीने पडताळणी करायची असते. स्क्रीनशॉट आणि माहिती हाताशी असेल तर पाच मिनिटे पुरतात. संपर्क झाल्यापासून तीस दिवसांच्या आत तक्रार करावी लागते, त्यामुळे ‘सवडीने करू’ म्हणून ठेवून चालत नाही. जानेवारी २०२५ पासून ‘संचार साथी’चे मोबाइल अ‍ॅपही आले आहे, परंतु अ‍ॅपला फोनमधील परवानग्या द्यायच्या नसतील त्यांना संकेतस्थळावरूनही तक्रार करता येते; आम्ही तसेच केले.

मला या अर्जाचा सर्वांत मोठा उपयोग अनपेक्षित ठिकाणी झाला. पहिली तक्रार भरताना समोरच्याचे नाव, संस्था, कर्जाचा क्रमांक यांपैकी आईजवळ काहीच नव्हते, म्हणून वर्णनाच्या रकान्यात लिहिण्यासारखे फारसे उरले नाही. त्यानंतर हेच प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आम्ही तो फोनशेजारी चिकटवला. दुसऱ्या वेळी आईने कागद पाहत शांतपणे विचारले, की आपले पूर्ण नाव काय, धनको संस्था कोणती, कर्ज खाते क्रमांक काय, कर्ज कोणत्या तारखेला दिले. ‘मी लिहून घेते आहे, आपण लेखी पत्र पाठवावे,’ असेही ती म्हणाली. तिसऱ्या प्रश्नाला समोरून आवाज चढला आणि चौथ्याचे उत्तर न देताच फोन बंद झाला. खऱ्या वसुली अधिकाऱ्याजवळ ही माहिती असते आणि ती सांगण्यात त्याचे काही नुकसान नसते.

तिसरा फोन रात्री नऊनंतर आला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास मनाई आहे, तसेच धमकावण्यासही. वेळ मोडली म्हणजे फोन करणारा खोटाच, असे मात्र म्हणता येत नाही, कारण खऱ्या संस्थांचे एजंटही नियम मोडतात. पैसे कोणाच्या खात्यात मागितले जात आहेत, ही माझ्या मते अधिक भरवशाची कसोटी आहे. डिजिटल कर्जांच्या नियमांनुसार परतफेड थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात व्हायला हवी. एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर पैसे मागितले, की पुढे बोलण्याची गरजच राहत नाही. मनात शंका असेलच, तर फोन ठेवून संस्थेच्या संकेतस्थळावरील किंवा आपल्या जुन्या कागदपत्रांवरील क्रमांकावर स्वतः फोन करावा, समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे.

आपल्या नावावर खरोखर कर्ज आहे का, याचे उत्तर ‘चक्षु’ देत नाही. ते पतअहवालात, म्हणजे आपल्या नावावरील कर्जांच्या व परतफेडीच्या नोंदीत, मिळते. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती संस्थांकडून प्रत्येकी एक पूर्ण अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. आईच्या अहवालात एकही थकीत कर्ज नव्हते आणि तो कागद पाहिल्यावर तिला जो दिलासा मिळाला, तो माझ्या कोणत्याही समजावण्याने मिळाला नव्हता. अनोळखी कर्ज दिसल्यास तेथेच आक्षेप नोंदवावा. तीस दिवसांत निवारण न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

‘चक्षु’च्या मर्यादा वापरण्यापूर्वीच समजून घेतलेल्या बऱ्या. पैसे गेले असतील तर ही जागा नव्हे. तेव्हा एक मिनिटही न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी गोठवणे हाच त्यातला कळीचा भाग असतो. कर्ज खरे असून एजंट छळत असेल, तर आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. शिवाय ‘चक्षु’वर कळवलेल्या प्रत्येक क्रमांकावर स्वतंत्र कारवाई होत नाही, विभाग सर्व तक्रारींचे एकत्रित विश्लेषण करून दूरसंचार साधनांचा गैरवापर शोधतो. तेव्हा उद्यापासून फोन थांबतील या अपेक्षेने तक्रार करू नये. आमच्या तीन नोंदी त्या मोठ्या साठ्यात जमा झाल्या, एवढे मला पुरेसे वाटते, आणि म्हणून ही सुविधा वापरण्याची शिफारस मी करतो.

फोन करणाऱ्याला पॅनचे वर्ण कसे कळले, हा प्रश्न मात्र मनात राहिला होता. त्यामुळे तिच्या ओळखीचा आणखी कोठे गैरवापर होत नाही ना, हे पाहण्यासाठी शेवटच्या तक्रारीनंतर त्याच संकेतस्थळावर आईच्या नावाने किती मोबाइल जोडण्या आहेत, तेही आम्ही पाहिले. दोन क्रमांक दिसले आणि दोन्ही तिचेच होते.