श्वसनसंसर्गाची तीव्रता सांगणारा रक्तचाचण्यांचा संच

विषाणूजन्य श्वसनसंसर्ग किती गंभीर वळण घेईल याचा अंदाज देणारा म्हणून एका प्रयोगशाळेने पुढे केलेला रक्तचाचण्यांचा संच मी तापाच्या दुसऱ्या दिवशी करून घेतला. सीआरपी, फेरिटिन (शरीरात लोह साठवणारे प्रथिन), डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा प्रथिनाचा तुकडा), एलडीएच (पेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे विकर) आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची संख्या असा तो संच असून अहवाल वेळेत आला. उणीव आहे ती अहवालाच्या मांडणीत. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन दाह सुरू झाल्यावर काही तासांत वाढू लागते, साधारण ४८ तासांनी शिखर गाठते आणि त्याचा अर्धायुकाल (रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ) सुमारे १९ तासांचा असतो. त्यामुळे एका आकड्यापेक्षा दोन दिवसांतील चढउतार अधिक बोलका ठरतो, हे अहवालात कुठेच नव्हते. डी-डायमर तर वय, गर्भारपण किंवा नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेमुळेही वाढते, तरी ते कोणत्याही टिपणीविना ठळक लाल रंगात छापले होते (घाबरायला तेवढे पुरते). साध्या सर्दीतापासाठी मी हा संच पुन्हा करणार नाही. लिम्फोसाइट घटल्याची नोंद मात्र उपयोगी पडली, कारण डॉक्टरांनी ती ऑक्सिजनची पातळी आणि श्वासाचा वेग यांच्याशी ताडून पाहिली व दोन दिवसांनी पुन्हा तपासणीस बोलावले.